मोठ्या धरणाची खरी किंमत कशी मोजावी? जायकवाडीचा अनुभव आणि पैनगंगेचा प्रश्न

प्रश्न : नाथसागर_काठ (पैठण तालुका)

नमस्कार. मी पैठण तालुक्यातील एका पुनर्वसित गावात राहतो आणि माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो. आमचे मूळ गाव जायकवाडीच्या बुडीत क्षेत्रात गेले. त्याच धरणाचे पाणी आज आमच्या नळाला येते, छत्रपती संभाजीनगर आणि जालना ही शहरेही त्याच पाण्यावर जगतात. त्यामुळे धरणाला नुसते चांगले किंवा नुसते वाईट म्हणणे मला कधीच जमलेले नाही, आणि ज्या मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते तिथे पाणी साठवूच नये असे कोणी म्हणणारही नाही.

माझ्या बहिणीचे सासर किनवट तालुक्यात पैनगंगेच्या खोऱ्यात आहे. नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवरील निम्न पैनगंगा प्रकल्पाला तिथली गावे कित्येक वर्षांपासून विरोध करीत आहेत. दिवाळीत दाजींनी मला सरळ विचारले, "तुमच्या घराने हे सगळे भोगले आहे, मग तुम्हीच सांगा, आम्ही धरणाला विरोध करायचा की चांगला मोबदला मागून मोकळे व्हायचे?" त्यांना काय उत्तर द्यावे ते मला कळेना, कारण मोबदल्याचा आकडा सोडला तर या किमतीचा हिशेब कसा मांडतात हेच मला माहीत नाही.

म्हणून इथल्या जाणकारांना विचारतो. प्रकल्प अहवालात कोणती किंमत धरली जाते आणि कोणती धरली जात नाही? माणसांच्या आणि नदीच्या नुकसानीचा अंदाज आधी बांधता येतो का? आणि जायकवाडीच्या वेळी आमच्या वडिलांच्या पिढीला जे मिळाले नाही, ते मागण्याचा अधिकार आजच्या कायद्याने खरोखर दिला आहे का?

---

उत्तर 1 : निवृत्त_उपअभियंता (बीड)

गुरुजी, प्रश्न नेमका आहे. मी पाटबंधारे खात्यात कालव्यांच्या कामावर नोकरी केली, तेव्हा आधी खात्याची बाजू मांडतो आणि मग त्या बाजूतील उणीव.

मराठवाड्याला मोठ्या धरणाची गरज का वाटली हे विसरून चालणार नाही. गोदावरी आमच्या दारावरून वाहून जायची आणि आमची शिवारे कोरडी राहायची. शंकरराव चव्हाणांसारख्या नेत्यांनी जायकवाडीचा पाठपुरावा केला तो याच कारणाने. नाव बीड जिल्ह्यातील जायकवाडी या गावाचे, कारण धरणाची मूळ जागा तिथे पाहिलेली होती. प्रत्यक्षात ते वरच्या अंगाला पैठणला झाले. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. सुमारे 10 किलोमीटर लांबीची मातीची भिंत, 27 दरवाजे, 2909 दलघमी (दशलक्ष घनमीटर) एकूण साठा आणि त्यातील 738 दलघमी मृतसाठा, म्हणजे तळाचे, कालव्यात सोडता न येणारे पाणी, असे त्याचे स्वरूप आहे.

आता किमतीकडे येतो. नाथसागराचा, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचा, पसारा पूर्ण भरल्यावर सुमारे 350 चौरस किलोमीटर होतो. एकूण साठ्याला या क्षेत्राने भागा, म्हणजे सरासरी खोली जेमतेम 8 मीटर येते. कोयनेत जवळजवळ तेवढेच पाणी सुमारे एक-तृतीयांश पसाऱ्यात मावते, कारण तिथे सह्याद्रीची खोल दरी आहे आणि इथे सपाट पठार. पठारावर धरण बांधायचे म्हणजे उथळ आणि अफाट पसरलेला जलाशय स्वीकारायचा, आणि त्याच्याखाली जाते ती नदीकाठची काळी, खोल, पिढ्यान्पिढ्या कसलेली जमीन. डोंगराळ भागात एका गावाच्या बदल्यात जितके पाणी साठते, तितक्यासाठी इथे कितीतरी अधिक शेती बुडवावी लागते. मराठवाड्यातील कोणत्याही मोठ्या धरणाचा हिशेब या भूगोलापासून सुरू व्हायला हवा.

उथळपणाचा दुसरा फटका बाष्पीभवनाचा. जलाशय पूर्ण भरलेला असताना पाण्याची पातळी बाष्पीभवनाने केवळ 1 मिलिमीटर उतरली तरी 35 कोटी लिटर पाणी हवेत जाते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात एका दिवसाची घट 1 मिलिमीटरवर थांबत नाही. पसारा उन्हाळ्यापर्यंत आक्रसतो हे खरे, परंतु ज्या पाण्यासाठी गावे उठवली त्यातील मोठा वाटा कोणाच्याच शेतात पोहोचत नाही हेही तितकेच खरे आहे.

प्रकल्प अहवालात काय असते, हा आपला प्रश्न. लाभव्यय गुणोत्तर नावाची एक बाब असते, म्हणजे अपेक्षित लाभाला खर्चाने भागून येणारा आकडा. साधारणपणे ते 1.5 असावे अशी अट आहे, अवर्षणप्रवण भागासाठी ती 1 पर्यंत शिथिल केलेली आहे. लाभाच्या रकान्यात संपूर्ण लाभक्षेत्र, म्हणजे कालव्याचे पाणी मिळायचे ते शिवार, भिजेल असे धरून पिकांचे वाढीव उत्पन्न मांडले जाते. खर्चाच्या रकान्यात बांधकाम, भूसंपादन आणि पुनर्वसनाची तरतूद येते. बुडालेल्या जमिनीची किंमत म्हणजे तिच्या निवाड्याची, म्हणजे सरकारने ठरवून दिलेल्या मोबदल्याची, रक्कम, एवढेच. ती जमीन पुढची 50 वर्षे जे पिकवणार होती, जी माणसे तिच्यावर मजुरीने जगत होती, ज्या विहिरी आणि आंबराया तिथे होत्या, त्या रकान्यात फार तर मूल्यांकनाच्या एका ओळीपुरत्या उतरतात. लाभ कागदावर पूर्ण धरायचा आणि नुकसान निवाड्यापुरते, अशी मांडणी असल्यावर गुणोत्तर अनुकूल यायला अडचण पडत नाही. आम्ही ती कोष्टके भरत होतो, नियमाप्रमाणेच भरत होतो. परंतु नियमातच हा कल होता, हे मी जबाबदारीने सांगतो.

---

उत्तर 2 : गोदाकाठची_लेक (गंगापूर तालुका)

उपअभियंता साहेबांनी जमिनीचे सांगितले. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांच्याविषयी मला लिहायचे आहे, कारण आमचे घर त्यांतलेच.

माझे आजोळ भोई समाजाचे. गोदावरीत मासे धरणे हा एक व्यवसाय, आणि पाणी ओसरल्यावर नदीच्या वाळूत टरबूज-खरबुजाच्या वाड्या लावणे हा दुसरा. हिवाळ्याच्या अखेरीस वाळूत हातभर खोल चर घ्यायचा, तळाला ओल लागली की त्यात शेणखत भरायचे, बी टोचायचे आणि तरवडाच्या किंवा पऱ्हाट्यांच्या काड्यांचा आडोसा करून वेल राखायचे. उन्हाळ्यात त्या टरबुजांवर घराचे काही महिने निघत. नदीच्या पात्राला सात-बारा नसतो. त्यामुळे भूसंपादनाच्या यादीत ही वाडी कुठेच आली नाही, तिचा पंचनामा झाला नाही आणि मोबदलाही मिळाला नाही. आमच्या घराच्या भिंतींचे मूल्यांकन झाले, भिंतींपलीकडच्या उपजीविकेचे झाले नाही.

हीच गत सुतार, लोहार, कुंभार, परीट यांची. गावात बलुत्याच्या किंवा ओळखीच्या आधाराने त्यांचे काम चालत असे. जमीनदार कुटुंबे मोबदला घेऊन जिकडे जमीन मिळेल तिकडे पांगली, कोणी नेवाशाकडे, कोणी शेवगावकडे, कोणी शहरात. गिऱ्हाईकच पांगल्यावर लोहाराने भाता कोणासाठी चालवायचा? नाथसागरात 100हून अधिक गावे गेली असे आपण म्हणतो, परंतु गाव जाणे म्हणजे घरांबरोबर उधारी देणारा वाणी, बाळंतपणाला धावून येणारी शेजारीण आणि भावकीचा आधार एकदमच जाणे. पुनर्वसित गावठाणात रस्ता, शाळा, हातपंप पुढेमागे झाले. हा आधार पुन्हा उभा राहायला एक पिढी गेली, काही घरांचा उभा राहिलाच नाही.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून नोंदवते. मोबदला खातेदाराच्या हाती पडला, आणि खातेदार म्हणजे पुरुष. रोख पैसा हाती पडला की तो लग्नकार्यात, देण्यापाण्यात आणि फसव्या जमीन व्यवहारांत किती लवकर संपतो हे मी आजीच्या तोंडून ऐकले आहे. विधवा, टाकलेल्या, दिराच्या आश्रयाने राहणाऱ्या बायकांचे नाव कोणत्याच कागदावर नव्हते. म्हणून नाथसागर_काठ भाऊ, आपल्या बहिणीला माझा एक निरोप द्या. गावात कोणताही सर्व्हे होवो, कुटुंबाच्या नोंदीत स्वतःचे नाव वेगळे लावून घ्या आणि शेजारणींनाही लावायला सांगा.

दुष्काळात पाणी उतरले की जुन्या गावांचे चौथरे आणि विहिरींची कडी उघडी पडतात, आणि त्या जमिनीवर गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, होते. तिचे वाटप करताना मूळच्या कुळांना, विशेषतः भूमिहीनांना, आधी संधी मिळावी अशी आमच्याकडच्या लोकांची फार जुनी मागणी आहे. प्रत्यक्षात ज्याच्याकडे ट्रॅक्टर आणि माणसे असतात तो आधी पेरतो. बुडालेली जमीन पुन्हा उघडी पडली तरी ती त्याच माणसाच्या वाट्याला येत नाही, हे मी अनेक हंगाम पाहत आले आहे.

---

उत्तर 3 : टेलचा_शेतकरी (परभणी)

ताई, तुम्ही लिहिलेले वाचून आमच्या बाजूचेही लिहावेसे वाटले. तुमची गावे ज्यांच्यासाठी उठवली ते लाभधारक म्हणजे आम्ही. आमच्यापर्यंत काय पोहोचले ते ऐका.

जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटरचा आहे. तो संभाजीनगर आणि जालना जिल्ह्यांतून परभणीत येतो. उजवा कालवा 132 किलोमीटरचा, तो बीड जिल्ह्यातून माजलगावच्या धरणाकडे जातो. माझी जमीन डाव्या कालव्याच्या शेवटच्या टप्प्यात, एका लघुवितरिकेच्या टोकाला आहे. नकाशावर ती लाभक्षेत्रात आहे. आमच्या शेजारच्या चारीत आज वेडी बाभूळ माजली आहे, अस्तरीकरणाच्या फरशा उखडून लोकांनी गोठ्याला वापरल्या आहेत, आणि चारीचे दार कोणत्या साली शेवटचे उचलले गेले यावर गावात मतभेद आहेत. पाणी मागणीचा नमुना 7 भरायचा, पाळी, म्हणजे कालव्यात ठरल्या मुदतीचे पाणी, सुटल्याची बातमी वर्तमानपत्रात वाचायची आणि बांधावर जाऊन उभे राहायचे. वरच्या भागात ऊस उभा असतो, कालव्यावर ठिकठिकाणी मोटारी चालू असतात, आणि टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, येईपर्यंत पाळीची मुदत संपलेली असते. ज्या वर्षी धरण भरते त्या वर्षी आमच्याकडेही पाणी येते, हे मान्य केले पाहिजे. त्या वर्षी गहू-हरभरा असा निघतो की माणूस मागचे सगळे विसरतो.

यात वरच्या शेतकऱ्याला खलनायक ठरवण्याचा माझा हेतू नाही. हमखास पाणी आणि हमखास खरेदी असलेले पीक सोडून तो ज्वारी का लावेल? परंतु हंगामी पिके धरून जे पाणी अधिक शिवारांत वाटायचे ठरले होते, ते बारमाही पिकाने थोड्या शिवारांत जिरवले, आणि काळ्या जमिनीत सतत पाणी देऊन, निचरा न करता, वरच्या भागात कित्येक शेते चिबड (पाणी साचून दलदलीची) आणि खारवट झाली. वर जमीन पाण्याने खराब होते, खाली पाण्यावाचून पडीक राहते, आणि ही दोन्ही नुकसाने प्रकल्पाच्या कागदावर "सिंचित क्षेत्र" या एकाच आकड्यात झाकली जातात.

धरणाच्या वरच्या बाजूचाही प्रश्न आहे. दारणा, गंगापूर, भंडारदरा, मुळा ही नाशिक-नगरकडची धरणे भरल्यावर नाथसागरात पाणी यायचे. पाऊस कमी झाला की वरचे म्हणतात आमचेच भागत नाही, आणि आम्ही म्हणतो आमच्या हक्काचे सोडा. 2005 मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला, 2014 मध्ये प्राधिकरणाने समन्यायी वाटपाचा आदेश दिला, आणि जायकवाडीत 15 ऑक्टोबरला 65 टक्के साठा आहे की नाही हे पाहून वरून पाणी सोडायचे ठरले. तरीही 2015, 2018 आणि 2023 या वर्षांत पाणी सोडताना न्यायालय, आंदोलने आणि पोलीस बंदोबस्त यांची वेळ आलीच. दोन विभागांतील शेतकरी एकमेकांसमोर उभे राहणे, हीही मोठ्या धरणाची सामाजिक किंमत आहे. ती फेडणारे दोघेही शेतकरीच.

दाजींना सांगा, पैनगंगेच्या धरणाचे पाणी कोणाच्या शेतात जाणार त्याचा नकाशा मागून घ्या, आणि टेलच्या गावांतील लोकांशीही बोला. धरणग्रस्त आणि टेलवाले यांची भेट फार क्वचित होते, ती व्हायला हवी.

---

नाथसागर_काठ (पैठण तालुका)

तिघांचेही मनापासून आभार. टरबुजाच्या वाड्यांविषयी माझ्या वडिलांनीही सांगितले होते, पण त्यांची नुकसानभरपाई हा मुद्दा माझ्या कधी ध्यानात आला नव्हता. नदीच्या बाजूने अजून कोणी लिहिलेले नाही. शाळेत मी मुलांना "धरणाचे फायदे" शिकवतो, त्या धड्यात नदीचे काय होते याचे एक वाक्यही नाही. नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, फ्लेमिंगो येतात, मग पर्यावरणाचा फायदाच झाला असे माझे काही सहकारी म्हणतात. त्यांना काय सांगावे? आणि कायद्याचा प्रश्न अजून शिल्लक आहे.

---

उत्तर 4 : नदी_अभ्यासक (नांदेड)

पक्ष्यांपासूनच सुरुवात करतो. जलाशयाच्या परिसराला 1986 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि हिवाळ्यात तिथे दिसणारी बदके, चक्रवाक, रोहित (फ्लेमिंगो) ही खरोखर मोलाची संपदा आहे. तिला नाकारण्याचे कारण नाही. परंतु उथळ जलाशयाने पाणपक्ष्यांना जागा दिली म्हणून खालच्या वाहत्या नदीचे नुकसान भरून निघाले असे होत नाही, कारण नुकसान दुसऱ्याच जीवसृष्टीचे झालेले आहे.

वाहत्या नदीत पुराचे पाणी वरचा गाळ आणि वाळू घेऊन येते, काठच्या मळ्यांवर नवी माती पसरवते, डोह भरते, विहिरींना पाझर देते आणि माशांना विणीसाठी वर चढायला वाट करून देते. पैठणला भिंत उभी राहिल्यावर यातील प्रत्येक गोष्ट तिथे अडली. गाळ जलाशयात बसतो आणि साठवणक्षमता घटवतो. धरणांतला गाळ काढून शेतात टाकण्याची योजना शासनाने 2017 पासून राबवली, ती चांगलीच आहे. परंतु नाथसागरासारख्या पसाऱ्यात साठलेल्या गाळापुढे यंत्रांनी उपसलेला गाळ फार थोडा ठरतो. वरून येणारी वाळू अडलेली आणि खालची वाळू मात्र ट्रकांनी उपसली जाते, त्यामुळे पैठणच्या खाली कित्येक ठिकाणी पात्रात खडक आणि चिखल तेवढा उरला आहे. वाळू गेली की नदीकाठच्या विहिरींचे पाणी खोल जाते, कारण उन्हाळ्यात ओल धरून ठेवणारा तो थरच नाहीसा होतो.

पुढे आपेगाव, हिरडपुरी, ढालेगाव, मुदगल, दिग्रस, विष्णुपुरी अशी बंधाऱ्यांची रांग आहे. काठच्या गावांना त्यांचा उपयोग होतो. नदी मात्र वाहायची थांबून एकापुढे एक तलावांच्या स्वरूपात उरली आहे. साचलेल्या पाण्यात शहरांचे सांडपाणी मिसळते, जलपर्णी पसरते आणि पाण्यातील प्राणवायू कमी होतो. नांदेडच्या घाटांवर उन्हाळ्यात उभे राहिले तर पाण्याच्या वासावरूनच याची कल्पना येते. धरणाखाली नदीत वर्षभर किमान किती पाणी वाहते ठेवायचे, हा आकडा प्रकल्पाच्या आराखड्यातच ठरलेला असावा लागतो. एकदा सगळे पाणी शेती, शहर आणि कारखान्यांना नावनिशीवार वाटून झाले की नदीसाठी मागून काढायला काहीच शिल्लक राहत नाही.

पुराविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. धरणामुळे लहानसहान पूर अडतात, हे खरे. कित्येक वर्षे पात्र कोरडे दिसले की लोक, आणि कधी कधी नगररचनाही, पात्रालगत सरकतात. मग 2006 सारखे वर्ष येते, धरण आधीच भरलेले असते, वरून प्रचंड पाणी येत असते आणि भिंत वाचवण्यासाठी एकदम लाखो क्युसेकने विसर्ग करावा लागतो. त्या वर्षी पैठण शहरात आणि खाली नांदेडपर्यंत काय झाले ते अनेकांच्या स्मरणात असेल. साठ्याचे नियोजन सिंचनासाठी जास्तीत जास्त पाणी लवकर अडवण्याचे, आणि पूरनियंत्रणासाठी मात्र धरणात जागा मोकळी ठेवावी लागते. ही दोन उद्दिष्टे एकमेकांच्या विरोधात जातात आणि तो धोका खालच्या गावांवर येऊन पडतो.

भूकंपाचा विषय निघतोच, म्हणून सांगतो. 11 डिसेंबर 1967च्या कोयना भूकंपाचा संबंध तेथील जलाशयाशी असल्याचे जगभरातील भूकंपशास्त्रज्ञ मानतात. 30 सप्टेंबर 1993च्या किल्लारी भूकंपानंतर जवळच्या माकणी येथील निम्न तेरणा धरणाविषयी अशीच चर्चा झाली, परंतु त्याबाबत शास्त्रज्ञांमध्ये एकमत नाही. त्यामुळे सभेत बोलताना किल्लारीचा आधार घेऊ नये असे माझे मत आहे. एक कच्चा मुद्दा पुढे केला की बाकीचे पक्के मुद्देही त्याच्याबरोबर फेटाळले जातात.

पैनगंगेकडे वळतो. किनवटचा भाग म्हणजे मराठवाड्यातले बहुतेक एकमेव खरे सागवानी जंगल. आंध, गोंड, कोलाम या आदिवासी समाजांचे जगणे शेतीबरोबर त्या जंगलावरही आधारलेले आहे. मोहफुले, तेंदूपत्ता, डिंक, चारोळी, औषधी मुळ्या आणि जळण यांची किंमत बाजारभावाने लावली तरी ती अपुरीच ठरते, कारण पीक बुडालेल्या वर्षी जंगलच त्यांना तारते. भरपाई म्हणून दुसरीकडे झाडे लावतात. लावलेली रोपे जगली तरी मोहाचे झाड फुलायला वर्षे लागतात आणि तोपर्यंत ती कुटुंबे तिथे नसतात. जंगल बुडाल्यावर कुजणाऱ्या झाडोऱ्यातून मिथेन निघतो ही बाबही आहे, मात्र तिचे प्रमाण प्रत्येक जलाशयात वेगळे असते.

जागतिक धरण आयोगाने नोव्हेंबर 2000 मध्ये दिलेल्या अहवालात जगभरात मोठ्या धरणांमुळे 4 ते 8 कोटी लोक विस्थापित झाल्याचा अंदाज मांडला होता. अंदाजाच्या दोन टोकांत 4 कोटी माणसांचे अंतर आहे. इतकी माणसे नीट मोजलीच गेली नाहीत, याहून मोठा पुरावा काय द्यावा?

---

उत्तर 5 : भूसंपादन_वकील (नांदेड)

कायद्याचा भाग मी लिहितो. सल्ला सर्वसाधारण स्वरूपाचा आहे. प्रत्यक्ष कागद पाहून आपल्या वकिलांशी बोलावे.

जायकवाडीच्या वेळी काय होते? 1894चा भूसंपादन कायदा. त्यात सरकारने जमिनीचा दर ठरवायचा, वर दिलासा रक्कम, म्हणजे सक्तीने जमीन घेतल्याबद्दलची जादा टक्केवारी, जी 1984च्या दुरुस्तीपूर्वी 15 टक्के होती, आणि दर मान्य नसेल तर वाढीव मोबदल्यासाठी न्यायालयात जायचे. पुनर्वसन हा हक्क त्या कायद्यात नव्हताच. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा केला तो 1976 मध्ये, म्हणजे जायकवाडीचे लोकार्पण झाले त्याच वर्षी. गावे त्याआधीच उठलेली होती. गुरुजी, आपल्या वडिलांच्या पिढीला काय मिळाले नाही याचे उत्तर या एका तारखेत आहे. पुढे 1986 आणि 1999चे कायदे आले, लाभक्षेत्रात पर्यायी जमीन, नागरी सुविधा, नोकरीत आरक्षण या तरतुदी आल्या. परंतु पर्यायी जमीन हवी असेल तर मोबदल्याच्या 65 टक्के रक्कम जमा करण्याची अट होती, आणि हातात आलेला पैसा ज्यांनी घर बांधण्यात खर्च केला ते त्या अटीमुळे बाहेर पडले. कित्येक कुटुंबे प्रकल्पग्रस्त प्रमाणपत्रावरच समाधान मानून राहिली.

2013चा नवा भूसंपादन आणि पुनर्वसन कायदा 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला. त्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. ताईंनी मांडलेल्या प्रश्नाला पहिली थेट उत्तर देते. "बाधित कुटुंब" या व्याख्येत तीन वर्षांपासून त्या भागात काम करणारे भूमिहीन मजूर, कुळे, बटईदार आणि कारागीर येतात, तसेच जंगलावर किंवा पाण्यावर जगणारे, म्हणजे वनोपज गोळा करणारे, मच्छीमार आणि नावाडी हेही येतात. सात-बारा नसला तरी चालेल, मात्र तीन वर्षांचा पुरावा लागतो. मच्छीमार संस्थेचे सभासदत्व, तेंदूपत्ता कार्ड, रोजगार हमीचे जॉबकार्ड, रेशनकार्ड, आठवडी बाजाराच्या पावत्या, जे असेल ते आजपासून एका पिशवीत जपून ठेवावे. दुसरी गोष्ट मोबदल्याची: ग्रामीण भागात गुणक आणि 100 टक्के दिलासा रक्कम धरून तो बाजारभावाच्या चारपटीपर्यंत जाऊ शकतो, आणि सिंचन प्रकल्पात जमीन गमावणाऱ्यांना लाभक्षेत्रात जमीन देण्याची तरतूदही अनुसूचीत आहे. तिसरी गोष्ट, सिंचन प्रकल्पात जमीन बुडण्याच्या सहा महिने आधी पुनर्वसन पूर्ण झालेले असले पाहिजे.

आता उणीव. या कायद्याचा गाभा म्हणजे सामाजिक परिणाम मूल्यांकन, ज्यात ग्रामसभेशी सल्लामसलत करून कोणाचे काय जाणार याचा अभ्यास होतो. परंतु कलम 6 मध्येच अशी तरतूद आहे की ज्या सिंचन प्रकल्पाला दुसऱ्या कायद्यान्वये पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन करावे लागते, त्याला हे सामाजिक मूल्यांकन लागू होणार नाही. म्हणजे सर्वाधिक माणसे ज्या प्रकल्पांनी उठतात, तिथेच माणसांचा स्वतंत्र अभ्यास बंधनकारक नाही. मला ही या कायद्यातील सर्वांत अन्यायकारक तरतूद वाटते.

त्यामुळे मोठ्या धरणात लोकांच्या हाती उरते ती 2006च्या पर्यावरण अधिसूचनेखालील जनसुनावणी. तिची सूचना किमान 30 दिवस आधी द्यावी लागते, अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध करावा लागतो, सुनावणीचे चित्रीकरण होते आणि नोंदवलेले कार्यवृत्त उपस्थितांना वाचून दाखवावे लागते. लोक तिथे जातात, घोषणा देतात आणि परत येतात. कार्यवृत्तात त्यातले काहीच उतरत नाही. तोंडी बोलण्याबरोबर लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. इथे वर जे लिहिले गेले, म्हणजे वाळूतील वाड्या, मोहाची झाडे, टेलपर्यंत पाणी जाण्याची शक्यता, नदीत सोडायचे किमान पाणी, गाळाचा अंदाज, हे सर्व प्रश्नांच्या स्वरूपात द्यावे, कारण अंतिम अहवालात प्रत्येक प्रश्नाची दखल घेणे प्रकल्पकर्त्यावर बंधनकारक असते.

किनवट तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासींसाठी घोषित केलेल्या भागात, येतो. दाजींचे गाव त्या यादीत असेल तर 2013च्या कायद्याच्या कलम 41 प्रमाणे ग्रामसभेच्या पूर्वसंमतीचा मुद्दा उभा राहतो, आणि 2006च्या वनहक्क कायद्याखालील वैयक्तिक व सामूहिक दावे निकाली निघण्यापूर्वी कोणाला जमिनीवरून हलवता येत नाही. ज्या गावांनी सामूहिक दावे अजून दाखल केलेले नाहीत त्यांनी ते आधी दाखल करावेत. विरोध करायचा की मोबदला मागायचा हे गावाने नंतर ठरवावे. या नोंदी दोन्ही बाजूंनी लागतातच.

ग्रामसभेचा ठराव करताना एक काळजी घ्या. ठरावाची तारीख, उपस्थितांच्या सह्या-अंगठे, स्त्रियांची उपस्थिती स्वतंत्र, आणि कोणते गट नंबर, कोणते वनखंड, कोणते पाणवठे, कोणती स्मशानभूमी व देवस्थाने बुडीत जाणार त्यांची यादी ठरावातच लिहा. "गावाचा धरणाला विरोध आहे" एवढ्या एका ओळीच्या ठरावाचा न्यायालयात फारसा उपयोग झालेला मी पाहिलेला नाही. यादी जोडलेला ठराव मात्र बाजूला ठेवणे अवघड जाते. नमुना हवा असल्यास इथे मागावा, मी मजकूर तयार करून टाकतो.